विसरली गेलेली ॲडी आणि आठवण ठेवणारे श्रेयांस



माझं सासर प्रतापगडचं, असं सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "म्हणजे महाबळेश्वरजवळ ना?" मग सांगावं लागतं, तो नव्हे. 1659 साली शिवाजी महाराज आणि अफझलखानाची भेट झाली तो प्रतापगड सातारा जिल्ह्यात. आमचा गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या बांध्यांच्या आणि तलावांच्या मुलखात. इथेही डोंगर आहे, किल्ल्याचे पडके अवशेष आहेत, महादेवाचं ठाणं आहे, दर्गा आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. नाव एकच, पण एक शाळेच्या पुस्तकात गेला आणि दुसऱ्याचा पत्ता समजावून सांगावा लागतो. त्यामुळे विसरलं जाणं म्हणजे काय, हे आम्हाला थोडंफार ठाऊक आहे.

आज लिहायचंय ते एका कादंबरीबद्दल. भाचीने पाठवली. "मामी, तुम्हाला आवडेल, पण घाई करू नका," म्हणाली. पुस्तक इंग्रजी आहे, व्ही. ई. श्वाब या लेखिकेचं, 2020 साली आलेलं. नाव 'द इनव्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लारू'. चातुर्मासात दुपारचा स्वाध्याय झाला की रोज दहा-बारा पानं वाचायची, असं करत दीड महिन्यात संपवलं. पुस्तक आहेच सावकाश चालणारं. पन्नास पानं झाली तरी फारसं काही घडत नाही. एक बाई चालते, कुठेतरी झोपते, कुणाशी बोलते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण तिची गोष्ट अशी आहे की तिला घाई करून चाललंच नसतं.

ॲडी ही फ्रान्समधल्या एका खेड्यातली मुलगी. 1714 साल. वय तेवीस. घरच्यांनी तिचं लग्न एका विधुराशी ठरवलंय, त्याची मुलं सांभाळायला. तिला ते नकोय. चूल, पाळणा आणि गावाची वेस, एवढ्यातच आयुष्य संपेल याची तिला भीती वाटते. लग्नाच्या दिवशी ती रानात पळते आणि देवाला हाक मारते. गावातल्या एका म्हातारीने तिला आधीच बजावलेलं असतं, की अंधार पडल्यावर जे देव ओ देतात त्यांच्याकडे कधी काही मागू नकोस. पण मागता मागता सूर्य मावळतो. ओ मिळते ती अंधाराकडून. तो म्हणतो, हवं तेवढं जग. जगणं नकोसं होईल तेव्हा तुझा आत्मा माझा.

मैत्रिणींनो, इथे मला हसू आलं. आपण सूर्य मावळला की पाण्याचा पेला बाजूला ठेवतो आणि ही मावळल्यावर आयुष्याचा सौदा करून बसली!

सौद्यातली मेख तिला नंतर कळते. ती मरत नाही, म्हातारी होत नाही, पण तिला पाहिलेला माणूस ती नजरेआड होताच तिला विसरतो. घरी जाते तर आई-वडील ओळखत नाहीत. तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, ते गळ्यातच अडकतं. कागदावर लिहिलं तर पुसलं जातं. चिखलात उमटलेलं पाऊलसुद्धा राहत नाही. अशी तीनशे वर्षं. मग 2014 साली न्यूयॉर्कमधल्या पुस्तकाच्या दुकानात एक तरुण तिला दुसऱ्या दिवशीही ओळखतो. पुढचं सांगत नाही, तुम्ही वाचा.

वाचताना पहिला विचार आला तो आपल्या शास्त्रातल्या 'निदान' या शब्दाचा. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं, व्रतीने ती काढून टाकायची. धर्माच्या बदल्यात पुढचं फळ मागून ठेवणं म्हणजे निदान. ॲडीने तप केलेलं नव्हतं, पण मागणं तसंच. जे मागितलं ते मिळालं आणि ते मिळणंच काट्यासारखं रुतून राहिलं. अमर होणं हा शाप असतो हे तसं मराठी माणसाला नवीन नाही. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याला निदान लोक नावाने ओळखतात. ॲडीकडे तेवढंही नाही.

दुसरा विचार असा, की तीनशे वर्षांना आपल्या हिशेबात अमर म्हणतच नाहीत. आपल्याकडे देवांचं आयुष्य सागरोपमांत मोजतात. सर्वार्थसिद्धीत तेहतीस सागरोपम. तरीही ते संपतं. मरण सहा महिन्यांवर आलं की गळ्यातली माळ कोमेजू लागते, ही गोष्ट पाठशाळेत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. फुलांची माळ रोज कोमेजते म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही. कधीच न कोमेजलेली माळ कोमेजली तर काय वाटत असेल!

पण पुस्तकाचा खरा प्रश्न जगण्याच्या लांबीचा नाहीच. प्रश्न असा, की कुणालाच आपली आठवण राहणार नसेल तर आपण जगलो याला काय अर्थ? हा प्रश्न वाचताना मी पुस्तक मिटून बसले, कारण तो त्याच दिवसांत आमच्या घरात वेगळ्या तोंडाने बोलला जात होता.

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या आठवणीसाठी मंदिराच्या चौक्याला भांडी द्यायची ठरलं होतं. महाराजांचा किंवा माताजींचा विहार आपल्या भागातून झाला की आहारासाठी शुद्ध भांडी लागतात, ती सगळ्यांनाच अपुरी पडतात. पितळेचे गंज, कळश्या, परात, ताटं अशी यादी झाली. मग प्रश्न आला भांड्यांवर नाव काय घालायचं. मोठे दीर म्हणाले, बाबांचं नाव आधी आणि 'यांच्या धर्मपत्नीच्या स्मरणार्थ' असं घाला. नणंदबाई म्हणाल्या, आईच्या आठवणीत देतो आहोत तर आईचं नाव घाला. आणि मग त्यांनीच हळूच विचारलं, "कोणतं?"

कारण सासूबाईंना दोन नावं होती. लग्नात नाव बदललं. ते बदललेलं नाव रेशन कार्डावर, मतदार यादीत, बँकेत. माहेरचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलांनाही नाही. शेवटी त्यांच्या एका मावसबहिणीला फोन केला. वय नव्वदीच्या घरातलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता नाव सांगितलं आणि मग बराच वेळ रडल्या. ते नाव घेणारी आता मी एकटीच राहिले, म्हणाल्या.

ॲडीला सैतानाशी सौदा करावा लागला. आपल्याकडे हे काम मांडवात, तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून, हसतखेळत होतं. मी कुणावर रागावून लिहीत नाही. मलाही माझं नवं नाव आवडलं होतं. पण आपल्या घरांत वंशावळ लिहिलेली असते ती काढून बघा. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सगळे सापडतील. पणजीचं नाव सापडलं तर मला जरूर कळवा.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगते. प्रतापगडपासून जवळच नवेगावबांधचा मोठा तलाव आहे. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचलेल्यांना तो माहीत असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. कोहळी समाजाचं हे पिढ्यानपिढ्यांचं कसब. डोंगरांच्या मधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची आणि पावसाचं पाणी धानासाठी अडवून धरायचं. पुढे कोलू पाटलांनाच लोकांनी देव केलं. कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं तिथे आहे.

गंमत बघा. इकडे कोलू पाटील पाळ बांधत होते त्याच सुमाराला कादंबरीतली ॲडी रानात अंधाराशी बोलत होती. तिच्या तीनशे वर्षांत तिचं एक पाऊल टिकलं नाही. कोलू पाटलांनी अमर व्हायचं मागितलं नाही, पाणी अडवलं. तीनशे वर्षांनी त्यांचं नाव आहे आणि पाणीही आहे.

पण मी त्या पाळीकडे बघते तेव्हा मला दुसरंच दिसतं. एवढी माती कुणीतरी डोक्यावरून वाहिली असेल. टोपल्या उचलणाऱ्यांत बायका असणारच, त्यांच्याशिवाय मातीकाम कधी होतं का? त्यांतल्या एकीचंही नाव राहिलेलं नाही. तलावाभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. बहिणी सात आहेत, पण त्यांची वेगळी नावं कुणी घेत नाही. तरी पाळ त्यांचीच आहे, आणि त्या पाळीच्या जोरावर पिकलेला धान आज आपण खातो.

मग नावाचं काय करायचं? याचं उत्तर मला आदिपुराणात मिळालं. एक नव्हे, दोन गोष्टींत.

पहिली भरत चक्रवर्तींची. षट्खंड जिंकून ते वृषभाचल पर्वताजवळ येतात. चक्रवर्तीने तिथे आपलं नाव कोरायचं असतं. त्यांना वाटत असतं, असा पराक्रम करणारा मीच. हातात काकिणी रत्न घेऊन बघतात तर पर्वतावर बोटभर जागा मोकळी नाही. आधी होऊन गेलेल्या चक्रवर्तींच्या नावांनी सगळा खडक भरलेला. तेव्हा त्यांना कुणाचं तरी नाव पुसून तिथे आपलं लिहावं लागतं. लिहिताना त्यांचा अभिमान गळून पडतो, कारण उद्या कुणीतरी याच हाताने आपलंही पुसणार हे त्यांना कळतं. ही गोष्ट आपण नेहमी मानकषायाची म्हणून सांगतो. पण मला या वेळी तिच्यातली दुसरी बाजू दिसली. स्वतःचं नाव लिहायला दुसऱ्याचं पुसावं लागलं. ज्याचं पुसलं त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?

दुसरी गोष्ट श्रीमतीची. ही गोष्ट आपल्या किती जणींना पूर्ण माहीत आहे, मला शंका आहे. आपण अक्षयतृतीयेला उसाचा रस पितो, श्रेयांस राजाचं नाव घेतो आणि पुढे जातो.

भगवान ऋषभदेवांचा जीव एका जन्मात ललितांग नावाचा देव होता. त्याची देवी स्वयंप्रभा. त्याची माळ कोमेजली, आयुष्य संपलं, आणि तो वज्रजंघ नावाचा राजपुत्र झाला. स्वयंप्रभाही पुढे राजकन्या होऊन जन्माला आली, श्रीमती नावाने. एकदा केवलज्ञानाच्या पूजेला जाणारे देव आकाशात बघून तिला जातिस्मरण झालं. ललितांग आठवला, पण तो आता कुठे, कोणत्या नावाने आहे, काहीच ठाऊक नाही. मग तिने त्या जन्माचं चित्र काढलं. तिच्या पंडिता नावाच्या धायीने ते चित्र मंदिरात नेऊन मांडलं. बघणारे पुष्कळ आले. ओळख पटली ती वज्रजंघालाच. ॲडीची आठवण चित्रकारांच्या चित्रांत उरते, तिच्या चेहऱ्यावरचे सात ठिपके तीनशे वर्षं कुठल्या ना कुठल्या चित्रात येत राहतात. ते वाचताना मला आपली श्रीमतीच आठवत होती. जिनसेनाचार्यांनी हे नवव्या शतकात लिहून ठेवलंय.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. लग्नानंतर दोघं प्रवासात असताना रानात एका सरोवराच्या काठी मुक्काम करतात. तिथे दोन मुनिराज येतात. रानातच आहार मिळाला तर घ्यायचा, असा त्यांचा नियम. श्रीमती आणि वज्रजंघ त्यांना विधीपूर्वक आहार देतात. आहार झाल्यावर कंचुकी सांगतो, की हे तुमचेच धाकटे जुळे मुलगे. आईने आपल्या मुलांना ओळखलं नव्हतं! पण तरीही पोटभर वाढलं होतं, ते मुलगे म्हणून नव्हे, मुनी म्हणून. आणि हे सगळं शार्दूल, रानडुक्कर, वानर आणि मुंगूस असे चार प्राणी शांतपणे बघत होते. नुसती अनुमोदना करून त्यांनीही पुण्य जोडलं. नवेगावच्या रानात यांतलं सगळं आहे, म्हणून मला हा प्रसंग नेहमी आमच्या तलावाच्या काठीच दिसतो.

मग मधे सहा जन्म जातात. वज्रजंघाचा जीव ऋषभदेव होतो. दीक्षा घेतात, सहा महिने उपवास करतात आणि मग आहाराला निघतात. कुणालाच विधी माहीत नाही. लोक हत्ती, घोडे, रत्नं आणून पुढे ठेवतात. भगवान पुढे चालत राहतात. वर्षाहून अधिक काळ अन्नाचा कण नाही. आणि हस्तिनापूरला पोहोचल्यावर राजा सोमप्रभाचा भाऊ श्रेयांस त्यांना बघतो आणि त्याला जातिस्मरण होतं. कोणता जन्म आठवतो? श्रीमतीचा. तो श्रीमतीच होता. सरोवराकाठचा तो आहार, पडगाहन कसं केलं, पाय कसे धुतले, मन, वचन, काया आणि आहाराची शुद्धी कशी सांगितली, सगळं आठवतं. आणि उसाचा रस देऊन तो पारणं घडवतो. या युगातलं पहिलं आहारदान.

म्हणजे मैत्रिणींनो, आज आपण चौका लावतो, शुद्ध कोरड्या वस्त्रांनी दारात उभ्या राहतो, ती नवधा भक्ती एका बाईच्या आठवणीतून आली. नाव गेलं, रूप गेलं, बाईचं शरीरही गेलं. मुलांचे चेहरे तर त्याच जन्मात ओळखू आले नव्हते. सहा जन्मांच्या पलीकडे काय पोहोचलं? वाढण्याची रीत. आणि तिच्यामुळे भगवंतांचा उपवास सुटला.

हे समजल्यावर ॲडीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. कुणी विसरलं म्हणून आपण संपत नाही. णमोकार मंत्रच बघा, त्यात एकाही व्यक्तीचं नाव नाही. अनंत सिद्ध झाले, खऱ्या अर्थाने अमर तेच. त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? आपण त्यांना विसरलो म्हणून त्यांचं काही कमी झालं नाही. स्वतःचं नाव राहावं म्हणून झुरण्यात अर्थ नाही.

पण इथेच थांबलं तर फार सोयीचं होईल. "नावात काय आहे, सगळं नश्वर आहे" हे वाक्य ज्यांची नावं फलकावर आहेत त्यांच्याच तोंडून मी जास्त ऐकलंय. माझं नाव पुसायला मी तयार असावं, तो माझा आकिंचन्य धर्म. दुसरीचं नाव माझ्या हातून पुसलं जाऊ नये, तीही माझीच जबाबदारी. भरत चक्रवर्तींची गोष्ट ही दोन्ही शिकवते.

तर आमच्या घरी काय ठरलं, ते सांगते. भांड्यांवर नाव घातलं नाही. बाबांचंही नाही, सासूबाईंचंही नाही. धाकटे काका म्हणाले, आहाराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कशाला, गुप्तदानच बरं. ते सगळ्यांना पटलं, नणंदबाईंनाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती मला फार आवडली. घरात एक वही करायची. त्यात या घरात आलेल्या आणि या घरातून गेलेल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि तिने घरात लावलेली एक रीत लिहायची.

सासूबाईंच्या पानावर दोन्ही नावं आहेत. इथे लिहीत नाही, ती घरची आहेत. रीत मात्र सांगते. आमच्याकडे पाणी विहिरीचं होतं तेव्हा त्या जाड कापड दुहेरी करून पाणी गाळायच्या आणि जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायच्या. वरून ओतायच्या नाहीत. बादली अगदी पाण्यापर्यंत खाली न्यायच्या आणि तिथे हलकेच कलती करायच्या, म्हणजे गाळात आलेल्या जिवांना मार लागू नये. आता नळ आहे, तरी गाळणं फडक्यानेच होतं. माझी मुलगी नागपूरला एकटी राहते, तिच्या नळालाही फडकं बांधलेलं असतं. तिने आजीला विहिरीवर कधी पाहिलंसुद्धा नाही.

वहीत आत्तापर्यंत अकरा पानं भरली. आजेसासूबाईंचं माहेरचं नाव अजून सापडलेलं नाही, त्यांच्या माहेरच्या गावी पत्र पाठवलंय. त्यांच्या पानावर सध्या फक्त रीत आहे: पापडाचं पीठ कुटायच्या आधी उखळ कोरड्या फडक्याने पुसून, उजेडात बघून घ्यायचं.

येत्या अक्षयतृतीयेला उसाचा रस द्याल, तेव्हा मुलांना श्रेयांस राजासोबत श्रीमतीचीही गोष्ट सांगा. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीच्या आत्या, मावशी, आजी असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" उत्तर लगेच लिहून ठेवा. सांगणाऱ्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत.

जय जिनेंद्र.